दुखत नाही, मग तपासायचं कशाला?

हृदयविकार कसा टाळावा याविषयी आलेल्या पत्रांतली आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: काही त्रास होत नाही, म्हणजे हृदय ठीक आहे. ही समजूत घातक आहे, म्हणून पहिल्या दोन उत्तरांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझं वय ४६. वार्षिक तपासणीत ईसीजी नॉर्मल, ट्रेडमिलवरची चाचणीही नॉर्मल. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मात्र १६२ आलं आहे. दोन्ही चाचण्या चांगल्या आल्यावर कोलेस्टेरॉल एवढं मनावर घ्यायचं का?

घ्यायलाच हवं. साधा ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेच्या हालचालीची जेमतेम दहा सेकंदांची नोंद. लय बिघडली असेल, आधी झटका येऊन गेला असेल, हृदयाचा स्नायू जाड झाला असेल, तर त्याच्या खुणा ईसीजीत बहुधा सापडतात. धमनीच्या भिंतीत काय साठतंय हे त्यात उमटत नाही. ट्रेडमिलची चाचणीही जोर केल्यावर हृदयाला रक्त कमी पडतंय का, एवढंच बघते. रक्त कमी पडायला धमनी बरीच, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास, अरुंद झालेली असावी लागते. त्याआधी ही चाचणी बहुधा नॉर्मलच येते.

आता धमनीची भिंत जवळून बघू. हृदयाच्या मुख्य धमन्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. रक्तातले एलडीएलचे कण आतल्या नाजूक अस्तराखाली झिरपतात आणि तिथेच अडकतात. पांढऱ्या पेशी ते कण गिळतात, फुगतात आणि मरतात. त्यातून अस्तराखाली मऊ, चरबीयुक्त गाभा तयार होतो आणि त्यावर तंतूंचं पातळ आवरण येतं. या काळात धमनी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते, त्यामुळे रक्ताची वाट बराच काळ पहिल्यासारखीच मोकळी राहते. हे सगळं १५-२० वर्षं चालू शकतं आणि माणसाला कशाचीच जाणीव होत नाही. मग एखाद्या दिवशी ते पातळ आवरण फाटतं. आतला गाभा रक्ताच्या संपर्कात आला की तिथे गुठळी धरते, आणि निम्मीसुद्धा अरुंद न झालेली धमनी थोड्या वेळात पूर्ण बंद होऊ शकते. कालपर्यंत सहज जिने चढणाऱ्या माणसाला आज झटका येतो तो बऱ्याचदा असा.

म्हणून ‘ब्लॉकेज किती टक्के?’ या प्रश्नाची वाट पाहत बसणं चुकीचं आहे. हा आजार नळीतल्या एका बोळ्याचा नाही. तो सगळ्या धमन्यांच्या भिंतींचा आहे, आणि एलडीएल किती वाढलं यासोबत ते किती वर्षं वाढलेलं राहिलं यावर तो ठरतो.

तुम्ही आता काय करावं? एलडीएलचा आकडा एकट्याने वाचू नका. वय, रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि घरातला इतिहास हे सगळं एकत्र धरून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढता येतो. तो डॉक्टरांना मुद्दाम काढायला सांगा. थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं, त्यामुळे टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी बघून घ्या. रिपोर्टमध्ये एलडीएल मोजलेलं आहे की सूत्राने काढलेलं, हेही विचारा. नेहमीचं सूत्र असं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली दुसरी एक चरबी) पाचवा भाग वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही. त्यापेक्षा एकूण वजा एचडीएल हा सरळ आकडा काढा. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि तो उपाशीपोटी नसतानाही विश्वासाचा असतो. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, धमनीत साठणारा कण) ही चाचणी जन्मात एकदा केली तरी पुरते, कारण तिचा आकडा मुख्यतः आनुवंशिक असतो आणि फारसा बदलत नाही. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं असतं, तर तुमच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करायला सांगितली असती.

प्रश्न : वडिलांचं बीपी दवाखान्यात १५८, घरी कधी १३२ तर कधी १४९. ते म्हणतात, ‘डोकं दुखत नाही, म्हणजे मला बीपी नाही.’ गोळीने बीपी नॉर्मल आलं तेव्हा त्यांनी गोळी बंद केली. कोणता आकडा खरा मानायचा?

डोकेदुखीवरून बीपी ओळखता येत नाही. १६० असलेल्या बहुतेकांना काहीही होत नसतं. मोजणं हाच एक मार्ग आहे आणि घरोघरी तिथेच चुका होतात. नीट मोजायचं ते असं.

आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवी करून यावं, कारण भरलेल्या मूत्राशयाने आकडा चढतो. पाठ टेकेल अशा खुर्चीत, पावलं जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसावं. हात टेबलावर असा ठेवावा की दंड हृदयाच्या उंचीला येईल. हात मांडीवर किंवा लोंबता राहिला तर आकडा खोटा वाढतो: दंड हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली असेल तर सात-आठ अंकांनी. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधावा. बाही गुंडाळून वर सरकवली की ती दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढावा. मोजताना बोलू नये. ‘किती आलं, किती आलं’ असं विचारत राहिलं तरी आकडा वर जातो. एक मिनिट थांबून पुन्हा मोजावं आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पट्ट्याचं माप. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढा घालेल एवढी लांब हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी नसलेल्यालाही बीपी निघतं. म्हणून दंडाच्या मध्यावर टेपने घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवून बघा. मनगटावर लावायची यंत्रं शक्यतो टाळा.

असं सात दिवस, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दर वेळी दोनदा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी आहे असं धरतात. दवाखान्यातली रूढ मर्यादा १४०/९० आहे. काही मार्गदर्शक सूचना त्याहून कडक आहेत: अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० हीच मर्यादा मानतात. १३२ खरं की १४९, हा प्रश्नच मग उरत नाही. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं, निर्णय सरासरीवर घ्यायचा. दवाखान्यात वाढणारं आणि घरी नॉर्मल राहणारं बीपी असतं, तसं दवाखान्यात नॉर्मल आणि घरी वाढलेलंही असतं. हे दुसरं जास्त फसवं आहे.

राहिला गोळीचा मुद्दा. गोळीने बीपी बरं होत नाही, ताब्यात राहतं. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे. हे वडिलांना कागदावर दाखवा: गोळी चालू असतानाच्या आठवड्याची सरासरी आणि बंद केल्यानंतरची, शेजारी शेजारी. वादावादीपेक्षा त्यांच्याच हाताने लिहिलेले आकडे जास्त पटतात. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डोस कमी होऊ शकतो, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोनिडीन आणि बीटा-ब्लॉकर, एकदम बंद केल्या तर बीपी किंवा नाडी उसळी मारते. वडील कोणती गोळी घेत होते ते डॉक्टरांना लगेच सांगा.

प्रश्न : कोलेस्टेरॉलची गोळी एकदा धरली की जन्मभर सुटत नाही, यकृत आणि स्नायू खराब होतात असं ऐकलं. दोन महिने घेतली, पाय दुखायला लागले, सोडून दिली. चुकलं का?

पाय दुखले हे खरं, ते कुणी नाकारू नये. दुखण्याचं कारण गोळीच होतं का, एवढंच तपासायला हवं. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या) सोडलेल्या ६० जणांवर ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना वर्षभरातले चार महिने स्टॅटिन, चार महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि चार महिने काहीच नाही, असं उलटसुलट क्रमाने दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, पण बहुतांशी तो गोळी घेण्याच्या धास्तीतून आला होता.

तरीही काहींना स्नायूंचा त्रास खरोखर होतो. तो बहुधा दोन्ही मांड्यांत किंवा खांद्यांत सारखा असतो. एकाच गुडघ्याची किंवा टाचेची कळ सहसा यातली नसते. सीके ही स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी करा, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघा. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी डोस किंवा दुसरं स्टॅटिन घेऊन पाहता येतं. डोस निम्मा केल्याने फायदा निम्मा होत नाही: डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं, म्हणून कमी डोसमध्येही बरंचसं काम होतं. लघवी गडद तपकिरी झाली किंवा उठता-बसता येईना, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं काही स्टॅटिनबरोबर चालत नाहीत, म्हणून दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी गेलात तरी ही गोळी सांगायला विसरू नका. यकृताला गंभीर इजा फार क्वचित होते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर थोडी वाढू शकते, ती अधूनमधून बघावी. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि फायदा? एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरलं की झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. गोळीची सवय लागत नाही. ती सोडली की काही आठवड्यांत एलडीएल मूळ आकड्यावर जातं, एवढाच ‘जन्मभर’चा अर्थ. सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. गोळी काम करतेय की नाही, हे त्यातूनच कळतं.

प्रश्न : मी ५१ वर्षांची. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी बीपी खूप वाढलं होतं, नंतर उतरलं. हृदयविकार पुरुषांनाच जास्त होतो ना?

बायकांना तो साधारण उशिरा होतो, होत नाही असं नाही. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात पहिल्या झटक्याचं वय स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा सुमारे नऊ वर्षांनी जास्त होतं. पाळी थांबल्यावर हे अंतर कमी होत जातं.

तुम्ही लिहिलेली गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती सहसा कुणी विचारत नाही. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं गेली असतील (प्रीएक्लॅम्प्सिया), तर पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणातला मधुमेह, वेळेआधी झालेलं बाळंतपण, चाळिशीच्या आत थांबलेली पाळी यांनीही धोका वाढतो. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की हे स्वतःहून सांगा आणि फाइलवर लिहून घ्या. बीपी दरवर्षी मोजा, साखर आणि कोलेस्टेरॉल आत्ता एकदा तपासून घ्या. झटक्याच्या वेळी बायकांच्याही छातीतच बहुधा दुखतं, पण जबडा, पाठ, मळमळ, दम लागणं, अचानक प्रचंड थकवा ही लक्षणं सोबत जास्त दिसतात आणि ‘ॲसिडिटी’ म्हणून मागे पडतात.

प्रश्न : रोज तासभर चालतो. सिगारेट वीसवरून दोनवर आणली. आता धोका एक दशांश झाला असं समजू का?

नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बराचसा सिगारेटींच्या संख्येप्रमाणे वाढतो, हृदयाचं गणित वेगळं आहे. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला, वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्यापैकी जवळजवळ निम्मा धोका असतो. कारण थोड्याशा धुरानेही रक्त चिकट होतं आणि धमनीचं अस्तर आखडतं. चालण्याने त्याची भरपाई होत नाही. तंबाखू चघळली तरी निकोटीन रक्तात जातंच, नाडी आणि बीपी चढतं, तेव्हा ती पळवाट नाही.

पण वीसवरून दोनवर येणारा माणूस शून्यावर नक्की येऊ शकतो. उरलेल्या दोन सिगारेटी बहुधा ठरावीक वेळेच्या असतात: उठल्यावरची आणि जेवणानंतरची. त्या वेळांसाठी निकोटीनचं च्युइंगगम वापरता येतं. ते सारखं चघळायचं नसतं. तिखटसर चव आली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चघळायचं. सारखं चघळलं तर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि लोक ‘मला सोसत नाही’ म्हणून सोडतात. पूर्ण सोडल्यावर वर्षभरात वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. तासभर चालता, ते मात्र तसंच चालू ठेवा.

प्रश्न : मीठ किती चालेल? जेवणात वरून घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, तीही सगळं धरून. वरून न घेणं चांगलंच, पण पाकीटबंद पदार्थांतलं मीठ दिसत नाही. पाकिटावर ‘सोडियम’ शोधा आणि त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झालं. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका ‘सर्व्हिंग’चा, ते आधी बघा, लोक इथेच चुकतात. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ दिसलं तर ते पाकीट परत ठेवा, त्यात ट्रान्स फॅट ही हृदयाला घातक चरबी असते.

मीठ गुलाबी असो, खडे असो की बारीक, सोडियम जवळपास तेवढंच. पोटॅशियम घातलेल्या कमी सोडियमच्या मिठाने बीपी उतरतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीसाठी नावाच्या शेवटी ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ असलेल्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते.

प्रश्न : माझे पती ४८ वर्षांचे, त्यांच्या वडिलांना ५२ व्या वर्षी झटका आला होता. तपासणीचं नाव काढलं की ‘जे व्हायचं ते होणार’ म्हणून विषय बंद करतात. काय करू?

वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घरातला इतिहास महत्त्वाचा धरतात. तुमच्या पतींची तपासणी खरंच लांबवू नये.

‘जे व्हायचं ते होणार’ यामागे बेफिकिरी क्वचित असते, भीती बहुतेकदा असते. वडिलांचं पाहिलेलं असतं आणि तपासलं तर आपलंही तेच निघेल असं वाटतं. अशा माणसाला आणखी घाबरवलं की तो आणखी दूर पळतो. त्याला हे सांगायला हवं: वडिलांकडून येते ती प्रवृत्ती, झटका नाही. इंटरहार्टमध्ये पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के वाटा मोजता आणि बदलता येणाऱ्या नऊ गोष्टींचा निघाला: तंबाखू, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांचं प्रमाण, व्यायाम आणि मद्य. ज्याच्या घरात इतिहास आहे, त्याला यातली प्रत्येक गोष्ट सुधारून जास्तच फायदा होतो.

‘सगळं चेकअप’ हा शब्द टाळा, तो फार मोठा वाटतो. एक गोष्ट मागा. घरी टेप घ्या आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर पोटाचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. तुमचाही मोजा, दोघांचं लिहा. पुढच्या आठवड्यात बीपी. त्यानंतर रक्ताची एकच वेळ ठरवा, तीही दोघांची, आणि तारीख नक्की करूनच सांगा. ‘कधीतरी जाऊ’ला उत्तर सोपं असतं, ‘शनिवारी सकाळी आठला’ म्हटलं की निदान बोलणं सुरू होतं. स्वतःहून ॲस्पिरिन सुरू करणाऱ्यांचीही पत्रं दर महिन्याला येतात, म्हणून इथेच सांगतो: झटका आलेला नसताना भीतीपोटी रोज ॲस्पिरिन घेऊ नये. साठीनंतर तर पोटातल्या आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका फायद्यापेक्षा भारी पडतो. आधीच डॉक्टरांनी दिलेली असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : छातीत दुखलं तर गॅस की हृदय, हे घरी कसं ओळखायचं?

घरी खात्रीने ओळखता येत नाही, आणि ओळखत बसण्यातच वेळ जातो. छातीवर दाब, आवळल्यासारखं, जडपणा. डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत कळ. सोबत घाम, दम, मळमळ, आणि हे काही मिनिटांत थांबत नसेल तर हृदयच धरून चाला. ढेकर आला, थोडं बरं वाटलं, म्हणून सोडू नका.

आधी रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवू नका, जिने चढउतार करू नका, बसून राहा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खा. गिळली तर उशिरा लागू पडते, आणि ‘एंटेरिक कोटेड’ (पोटात न विरघळणारं आवरण असलेली) असेल तरीही चावूनच घ्यायची. मात्र दुखणं फाडल्यासारखं पाठीत जात असेल किंवा बोलणं, हात-पाय अडखळत असतील तर ॲस्पिरिन देऊ नका. दुखायला सुरुवात झाली ती वेळ कागदावर लिहा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, तो मागून घ्या. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगा आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी) रक्तचाचणी झाल्याशिवाय घरी परतू नका.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर छातीच्या मधोमध तळहाताचा खालचा भाग ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपरं सरळ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांत दमायला होतं, म्हणून शेजारी कुणी असेल तर आळीपाळीने करा. मदत येईपर्यंत थांबू नका.